पाव किलोच्या आत

शिडीचं एक टोक दुकानात गेलं, दुसरं फुटपाथवरच राहिलं आणि ती मधोमध दारात अडकली.

"आधी शिडी बाहेर ठेवा," काउंटरमागचा दुरुस्तीवाला हसू दाबत म्हणाला. "ड्रोनच्या दुकानात शिडी घेऊन येणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"ही शिडी सुटावी म्हणूनच तर ड्रोन घ्यायचाय."

तिच्या वडिलांनी तीस वर्षं छपरांवर चढून भेगा आणि गळती शोधली होती. आता त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. तेच काम ती हवेतून करणार होती. गावातल्या जुन्या शाळेचं छप्पर तपासायचं काम मिळालं होतं. ते जमलं तर बाकीच्या शाळाही तिच्याच. पण ड्रोन चुकीचा निवडला, तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. आणि ड्रोन उडवायचे सरकारी नियम अजून मसुद्यातच लोंबकळत होते. एका मसुद्यात पाव किलोच्या वर परवाना, दुसऱ्यात अर्ध्या किलोच्या वर. तिसरा यायचा होता.

"मोठाच घ्या," तो म्हणाला. "वाऱ्यात हलत नाही. कॅमेराही झकास."

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. बाहेर वारा दुकानाची पाटी खडखडवत होता आणि तो तिच्यापुढे एकेक ड्रोन मांडत होता.

"रोज येता, घेत मात्र काहीच नाही," तो म्हणाला.

"तुम्ही रोज दाखवता, विकत मात्र काहीच नाही."

त्याचे कान लाल झाले... आणि तिनं ते पाहिलं.

पाचव्या दिवशी तिनं दोन छोटे ड्रोन उचलले. "हे. एका मोठ्याच्या पैशांत दोन."

"वाऱ्यात डगमगतील."

"मग वारा पडायची वाट बघेन. बाबा भेग वीतभर अंतरावरून बघायचे. मोठा तेवढा जवळ गेला की त्याच्याच वाऱ्यानं धूळ उडते, काही दिसत नाही. आणि नियम कोणताही येवो, पाव किलोच्या आतल्याला कोण अडवणार?"

त्यानं मोठा ड्रोन परत फळीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "हे... माझ्या डोक्यात नव्हतं आलं."

महिन्याभरात नियम आला. पाव किलोच!

कामाच्या सकाळी शाळेच्या मैदानात तोही हजर होता. 'सहज' आलो म्हणाला, शर्ट मात्र इस्त्रीचा. काम देणाऱ्या इंजिनिअर बाईंनी ड्रोन वजनकाट्यावर ठेवला. दोनशे चौपन्न. दुसराही तेवढाच.

"चार ग्रॅम जास्त. परवाना आणा, नाहीतर वजन उतरवा," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "अकरापर्यंत थांबते."

डब्यावर तर दोनशे एकोणपन्नास लिहिलं होतं! मग तिची नजर ड्रोनच्या भडक नारिंगी रंगाकडे गेली. तिनं शेजारी उभ्या वडिलांकडे पाहिलं.

"शिडीला लावतो तोच रंग," वडील ओशाळून म्हणाले. "दुरून दिसावा म्हणून... दोन हात दिले गं."

दुरुस्तीवाल्यानं पिशवीतून ब्लेड काढलं. दोघं पायरीवर बसून एकच ड्रोन खरवडू लागली. तो ब्लेडनं, ती नखांनी. डोकी एकमेकांवर आपटली.

"पुन्हा कान लाल झालेत तुमचे," ती म्हणाली.

"ऊन लागतंय म्हणून."

"फक्त उन्हामुळे?"

तो आणखी जोरात खरवडू लागला.

अकराला पाच मिनिटं असताना काटा दोनशे एकोणपन्नासवर थांबला. वडिलांसाठी एक नारिंगी ठिपका तिनं मुद्दाम राहू दिला होता.

तोवर वाराही पडला. ड्रोन छपराच्या कडेला वीतभर अंतरावर जाऊन थांबला. पडद्यावर केसाएवढी भेग दिसली, थेट तुळईपर्यंत गेलेली. वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तीस वर्षांत मला नसती सापडली ही," ते म्हणाले, आणि ताठ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी मुलगी आहे!"

बाईंनी बाकीच्या शाळांची यादी तिच्या हातात दिली.

तेव्हा दुरुस्तीवाला जवळ आला. "एक सांगायचं होतं. मोठ्या ड्रोनला दर महिन्याला तपासणी लागते. तो घेतला असता, तर तुम्ही दर महिन्याला आला असता."

"म्हणजे सल्ला खोटा होता?"

"खरा होता. पण... स्वार्थी होता. तुम्ही छोटे घेतलेत तेव्हा आधी वाईट वाटलं. मग दिवसभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुमचं ते धुळीचं कारण सांगत बसलो. जणू काही माझंच कोणी..." तो थांबला. "मला विचारायचंय —"

"काय विचारायचंय ते लवकर विचारा!" वडील मागून ओरडले. "बॅटरी उतरतेय!"

ती खळखळून हसली. ड्रोन अलगद खाली आणून तिनं हातावर घेतला, आणि वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला म्हणाली,

"तू विचारायच्या आधीच माझं हो आहे."