मेहकरची लाईन

माझं वय एकाहत्तर. या वयात भुताची गोष्ट रचून मला काही मिळायचं नाही. जे झालं, तेवढंच सांगते.

जागा, अमडापूरचं आमचं घर. गेल्या वर्षीचा एप्रिल. रात्र नव्हती. भर दुपारचे तीन वाजले होते...

माझी नात प्रेरणा नोकरीची परीक्षा देत होती. पुण्याच्या एका कंपनीने तिला संगणकाच्या आत चालणारा दुसरा, भासाचा संगणक पाठवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्याच्या नेटवर्कच्या सेटिंग मुद्दाम बिघडवलेल्या. चारच्या आत त्या दुरुस्त करून, त्याच मशीनमधून उत्तर पाठवायचं.

आधी तीन ठिकाणी नकार आला होता. ही नोकरी हुकली, तर तिचे वडील स्थळं बघायला निघणार होते.

मी शेजारी लसूण सोलत बसले होते.

"आजी, घरात अजून कोणतं मशीन चालू हाय का?"

"शिलाईचं हाय. त्याले वीज लागत नाही."

ती हसली नाही.

मशीनला नेटवर्कवरचा जो पत्ता द्यावा, तो आधीच कोणीतरी घेतलाय, असं पडद्यावर येत होतं. तिने पत्ता बदलला. तोही घेतलेला. पुन्हा बदलला.

तोही...

घरात लॅपटॉप एकच. तिने आमचे दोघींचे मोबाईल बंद केले. काही फरक नाही.

"कोण बसलं हाय बे तिथं," म्हणत तिने कीबोर्डवरून त्या पत्त्याला हाका मारायला सुरुवात केली. पिंग म्हणतात त्याला. उत्तर आलं की पडद्यावर एक ओळ उमटते, असं मला सांगितलं.

एक ओळ.

दोन.

तीन.

मग काहीच नाही...

मग एक.

माझा हात थांबला.

प्रेरणाने मशीनचं नेटवर्क कार्डच काढून टाकलं. घरचं वायफाय बंद केलं. "आता कोणी बोलूच शकत नाही, आजी."

तीन ओळी...

मग एक.

चाळीस वर्षांपूर्वी मी खामगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मेहकरच्या बोर्डावर शालूबाई असायची. आमची खूण ठरलेली. तीन घंट्या, थांबून एक. म्हणजे, मी आहे. ऐकणारीने एकच घंटी द्यायची. म्हणजे, ऐकतेय, बोल. ती एक घंटी दिली, की समोरचीचं बोलून होईपर्यंत लाईन तोडायची नाही.

रोज दुपारी ती वाजवायची. "काय वं सत्यभामे, झोपली का?"

चौऱ्याऐंशी साल, कापसाचा हंगाम. व्यापाऱ्यांचे ट्रंक कॉल तुंबलेले. त्यात शालूबाईची खूण आली. गप्पांना वेळ कुठला, म्हणून मी बोर्डातून तिच्या लाईनची पिन उपसून टाकली.

संध्याकाळी कळलं. शालूबाई बोर्डापुढेच गेली होती. छातीत कळ आली असावी. खोलीत एकटीच. हेडफोन कानावर तसाच.

हे मी घरात कोणाला कधी सांगितलं नव्हतं. प्रेरणालाही नाही.

चारला दहा कमी होते. ती रडकुंडीला आली होती.

"त्याले एकच हाक मार," मी म्हटलं. "एकच. मग थांब."

"काऊन?"

"मार म्हणतो ना."

तिने मारली.

ओळी थांबल्या. लॅपटॉपचा आवाज बंद केलेला होता, तरी त्यातून बारीक खरखर यायला लागली... ट्रंक लाईन उघडल्यावर यायची तशी. त्या खरखरीत कोणीतरी श्वास घेतला.

बोलण्याआधी घेतात तसा.

प्रेरणाने घाईने वायफाय चालू केलं, कार्ड परत बसवलं. "पत्ता मोकळा झाला आजी. जोडू ना?"

मी घड्याळाकडे पाहिलं. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. बोलून होईपर्यंत लाईन तोडायची नाही, हा नेम मला पाठ होता.

"जोड," मी म्हटलं.

खरखर मध्येच तुटली.

प्रेरणाला नोकरी लागली. आता ती पुण्याहून रोज दुपारी फोन करते. माझा मोबाईल तीनदा थरथरतो. थांबतो...

मग एकदा.

"असं कसं होईल, आजी? रिंग तर सलग जाते," ती म्हणते.

मी फोन कानाला लावते. आधी खरखर. मग तो श्वास. मी जीव कानात आणून ऐकते. आज तरी शालूबाईचं बोलून होऊ दे.

तेवढ्यात नात म्हणते, "हॅलो आजी, ऐकू येऊन राह्यलं का?"