तौके जेवत नाही

साप न जेवण्याची सतरा कारणं मला माहीत आहेत. जेलुटाँगमधल्या माझ्या सापांच्या दुकानात आठवड्याला दोन-तीन माणसं तरी हातात कापडी पिशवी घेऊन येतात आणि रडवेल्या चेहऱ्यानं सांगतात, की आमचा साप रुसलाय. साप रुसत नाही. त्याची पेटी फार मोठी असते, लपायला जागा नसते, उंदीर गार असतो, नाहीतर घरातलं पोर तासातासाला त्याला उचलून बघत असतं. मी कारण शोधतो, साप जेवतो, आणि मग हीच माणसं माझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तशी बघतात. त्याचा मला मनापासून राग येतो.

सिऊ लान काकू पिशवी घेऊन आल्या नाहीत. त्यांनी फोन केला.

"बून तेक ना? सापांना जेवू घालतोस तो? आमचा चार महिने उपाशी आहे. तू घरी ये. तो पिशवीत बसणार नाही, त्याचा मान मोठा आहे."

काकूंचं घर जॉर्जटाउनच्या एका जेटीवर, समुद्रात रोवलेल्या खांबांवर उभं. फळ्यांची वाट आणि फळ्यांचीच जमीन. तीन घरं पलीकडे कुणी चाललं तरी आपल्या तळपायाला कळतं. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. फटींतून खालचा काळा चिखल दिसत होता आणि त्याचा वास तळलेल्या माशाच्या वासात मिसळला होता. पुढच्या खोलीत देव्हारा, त्याच्याशेजारी काकूंच्या नवऱ्याचा, केंग होक काकांचा फोटो, मधोमध जेवणाचं गोल टेबल, आणि भिंतीला लागून काचेची पेटी.

"तौके," काकूंनी काचेवर टिचकी मारली, "उठा, पाहुणे आलेत."

तौके म्हणजे शेठ. हा शेठ आफ्रिकेकडच्या छोट्या जातीचा अजगर होता, बॉल पायथन म्हणतात तो. घाबरला की स्वतःचा चेंडू करून घेतो. जेवणाच्या बाबतीत ही जात इतकी नखरेल, की माझं अर्धं दुकान तिच्यावर चालतं. मी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. एक किलो ऐंशी ग्रॅम. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काकांच्या अक्षरातला शेवटचा आकडा होता एक किलो सहाशे चाळीस. पाठीचा कणा माझ्या बोटाला लागत होता.

"महिनाभर काढेल," मी म्हणालो. "फार तर दीड."

काकू खुर्चीवर बसल्या. "तुझे काका हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी काय म्हणाले माहितीये? माझं नाही विचारलं, पोरीचं नाही. म्हणाले, तौकेला उपाशी ठेवू नकोस. चाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसाशी." त्या हसल्या. मग हसू तिथंच राहिलं आणि डोळे भरले. "मी हो म्हटलंय रे. तेवढं एकच मागितलं त्यांनी."

मी कामाला लागलो. पेटीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावलं. लपायचा डबा बदलून लहान ठेवला, इतका लहान की अंग चारी बाजूंना घासावं. खालची गरम चटई तपासली. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढा ऊन केला आणि लांब चिमट्यानं हलवून दाखवला. तौकेनं तोंड फिरवलं. पुढच्या खेपेला उंदीर कोंबडीच्या पिलाला घासून नेला, त्याच्या पुढच्या खेपेला पालीला. मग दहा दिवस कुणी पेटीकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं काकूंना बजावलं. सतरातली सतरा कारणं संपली, आणि वजन एक किलो वीसवर आलं.

त्या दिवशी काकूंनी मला जेवायला थांबवलं. भात, तळलेला मासा, मुगाचे मोड. त्या वाढत असताना मी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं आणि पानं चाळली. तौके जेवला, की काका त्या तारखेभोवती लाल गोल करत. दर बारा-चौदा दिवसांनी एक. जानेवारीत काका गेले. गोल थांबले नव्हते, फक्त हात बदलला होता. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये काकूंचे थरथरते गोल होते, एकूण सात. सातवा एप्रिलच्या अठरा तारखेचा. पुढे कोरं.

"काकू, अठरा एप्रिलनंतर घरात काय बदललं? पेटी हलवली? रंग दिला?"

"काही नाही."

"नवीन अगरबत्ती? कुणी राहायला आलं?"

"मी एकटी इथं, कोण येणार? वीसला ह्यांच्या शंभराव्या दिवसाचा विधी होता, तेवढे चार लोक आले होते." माझ्यापुढे वाडगा ठेवत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या नणंदेनं मला झापलं."

"का?"

"मी ह्यांना जेवायला बोलवत होते म्हणून."

आम्हा चिनी लोकांत जेवायच्या आधी मोठ्यांना हाक मारायची असते. घरात पाच मोठे असतील तर पाच हाका, त्याशिवाय कुणी चॉपस्टिक उचलायच्या नाहीत. काकू चाळीस वर्षं रोज दुपारी म्हणत आल्या होत्या, "अहो, जेवायला बसा." काका गेल्यावरही तोंडाची सवय सुटली नाही. समोर रिकामा वाडगा ठेवायच्या आणि हाक मारायच्या. शंभराव्या दिवशी नणंद म्हणाली, दर जेवणाला अशी बोलवत राहिलीस तर तो जाणार कधी? त्या दिवसापासून काकूंनी हाक बंद केली होती.

"आणि तौकेला तुम्ही केव्हा भरवायचात?"

"ह्यांच्यासारखंच. ह्यांना बोलावलं की हे येऊन बसायचे, मग आधी तौकेला द्यायचे आणि मग स्वतः जेवायचे."

मला हसू आलं. सुटलो म्हणून आलेलं हसू. "काकू, सापाला कान नसल्यासारखेच. तुमची हाक त्याला कळत नाही. पण जमिनीचा हादरा त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. हाक मारल्यावर काका चालत यायचे आणि फळ्या हलायच्या. ती त्याची जेवणाची घंटा होती."

"तुझ्या काकांची चाल अख्ख्या जेटीला पाठ होती," काकू म्हणाल्या. "गुडघा गेलेला, हातात काठी. पाऊल, पाऊल, टक. ती काठी आम्ही शवपेटीत त्यांच्याबरोबर दिली."

एवढं बोलल्यावर दोघांच्याही मनात एकच प्रश्न आला, काका गेल्यावर फळ्या कुणाच्या चालण्यानं हलत होत्या? जानेवारीनंतरचे सात लाल गोल माझ्या मांडीवर उघडे पडले होते.

"तुम्ही उठत असाल," मी म्हणालो. "हाक मारून झाली की भात आणायला."

"भात आधीच आणलेला असतो."

मी रविवारची दुपार ठरवली. फेरीबोटीचं वेळापत्रक बघून, भरती-ओहोटीचं बघून, पाणी स्थिर असेल अशी वेळ निवडली. दोन्ही शेजारी लग्नाला गेले होते. तौकेच्या पाण्याचा वाडगा मी काठोकाठ भरला, कारण हादरा बघायला त्याहून स्वस्त यंत्र नाही. ऊन केलेला उंदीर चिमट्यात धरला. काकूंना खुर्चीत बसवून पाय आडव्या दांडीवर घ्यायला लावले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"हाक मारा."

काकूंनी फोटोकडे पाहिलं. "बून तेक, नणंदबाई म्हणतात ते खरं असलं तर? हाक बंद करून चार महिने होऊन गेले. ते अर्ध्या वाटेवर पोचले असतील. मी परत बोलवायचं?"

"काकू, माणूस गेला की गेला. इथं एक जिवंत प्राणी मरतोय, आणि तुम्ही त्याच्यासाठी शब्द दिलाय."

मी ते बोललो. ते मला आज आठवतं आणि जीभ चावावीशी वाटते.

काकूंनी पदराशी खेळावं तसं ब्लाउजचं टोक चुरगाळलं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जेवायला बसा."

काही झालं नाही. खाली पाणी खांबांना चाटत होतं.

मग वाडग्यात एक वलय उठलं. मग दुसरं. मग एक बारीक.

तौकेनं डब्यातून डोकं बाहेर काढलं. ते उंदराकडे वळलं नाही. ते आतल्या खोलीच्या दाराकडे वळलं, जिथं काका झोपत.

दोन वलयं, एक बारीक. दोन वलयं, एक बारीक.

तौकेचं डोकं सावकाश फिरत होतं. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून टेबलापर्यंत. काकूंच्या समोरच्या खुर्चीपाशी ते थांबलं. पाणीही थांबलं.

पुढच्या क्षणी चिमट्याला हिसका बसला. तौकेनं उंदीर धरला होता.

काकू खुर्चीकडे बघत होत्या. त्यांनी हात लांब करून रिकामा वाडगा थोडा पुढे सरकवला, रोज सरकवत असाव्यात तसा. मग तोंड झाकून रडू लागल्या.

"दमलेत रे. चाल किती मंद झाली. लांबून परत आले असणार, माझ्यामुळे."

मी जे सुचलं ते सांगितलं. लांबून जाणारी बोट, खांबांची कुरकुर. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू ह्याला घेऊन जा. तौके जगू दे आणि ह्यांनाही जाऊ दे. इथं राहिला तर मला दर पंधरा दिवसांनी हेच करावं लागेल."

तौके माझ्याकडे आला. मी एकटा राहतो, अकराव्या मजल्यावर. जमीन सिमेंटची, वर फरशी. वरच्या मजल्यावरची मुलं उड्या मारतात तरी माझ्या चहात कधी तरंग उठत नाही. नवी जागा, नवी सवय, आणि कसल्याही हादऱ्याचा संबंध नाही. मला हे उत्तम वाटलं. मी पेटी जेवणाच्या टेबलासमोर ठेवली.

तौके सव्वीस दिवस जेवला नाही. काकू दर रविवारी फोन करत. "जेवला का रे?" मी म्हणायचो, "रुळतोय." वजन नऊशे ऐंशीवर आलं तेव्हा त्याचं डोकं उचलून धरतानासुद्धा थरथरत होतं.

सत्ताविसाव्या दिवशी, दुपारी दीड वाजता, मी उंदीर ऊन केला, टेबलावर भाताचे दोन वाडगे ठेवले आणि माझी मलाच लाज वाटत असताना मोठ्यानं म्हणालो, "केंग होक काका, जेवायला बसा."

पंखा बंद होता. तौकेच्या पाण्याचा वाडगा काठोकाठ भरलेला होता. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो.

वाडग्यात दोन वलयं उठली आणि एक बारीक.

तौकेचं डोकं जिन्याकडच्या दाराकडे वळलं. कुलूप आतून लावलेलं होतं. ते डोकं दारापासून टेबलापर्यंत आलं, माझ्या समोरच्या खुर्चीशी थांबलं, आणि तौके जेवला.

मी त्या दिवशी भात टाकून दिला. पण तौके जगला. आता त्याचं वजन दीड किलो आहे, कातडी चकचकीत, आणि माझ्या कॅलेंडरवर अकरा लाल गोल आहेत. प्रत्येक गोलाच्या आधी मी हाक मारली आहे. स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे एक गोष्ट होती. दर वेळी तौकेचं डोकं आधी बाहेरच्या दाराकडे वळायचं. म्हणजे जे काही येतं ते बाहेरून येतं, आणि अर्थातच परत जात असणार.

काल काकूंचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"बून तेक, घर इतकं हलकं झालंय. परवा ह्यांची खुर्चीसुद्धा देऊन टाकली. मला आतून कळलं रे, ते सुटले. पोचले." मग म्हणाल्या, "तौके जेवतो ना? काय केलंस तू त्याला?"

"काही नाही काकू. इथलं हवापाणी मानवलं त्याला."

"तुझं भलं होवो. त्यांना दिलेला शब्द तू राखलास."

फोन ठेवला तेव्हा दीड वाजत आला होता आणि उंदीर ऊन होऊन तयार होता. मी टेबलाशी बसलो, पाय वर घेतले. हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. काकूंचा तो मोकळा आवाज कानात होता. आज नाही बोलवायचं, असं मी ठरवलं. तौके उपाशी राहिला तरी चालेल, पण आजपासून बोलवायचं नाही.

मी गप्प बसून राहिलो.

वाडग्यात दोन वलयं उठली आणि एक बारीक.

तौकेनं डोकं बाहेर काढलं. या वेळी ते बाहेरच्या दाराकडे वळलं नाही. ते माझ्या झोपायच्या खोलीकडे वळलं.