टाकीवरची हाक

स्नेहल देवळाली प्रवरात माती परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा चालवते. ऊसवाले शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, ती त्यातलं नत्र, पालाश काढून देते. दुसऱ्यांदा मोजलं तरी तेच आलं पाहिजे, तरच ते खरं, असं ती मानत आली होती.

जानेवारीत तिची धाकटी बहीण निकिता पुण्याहून आठवडाभर राहायला आली. येताना तिनं एक जाडजूड चित्रकादंबरी आणली.

"ताई, बघ कोण आलंय."

मुखपृष्ठावर महानायक उल्कावीर होता. जांभळा झगा, अर्धा झाकलेला चेहरा. लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेल्या पातळ अंकांत तो आधी भेटला होता स्नेहलला. निकिताला तेव्हा वाचताही येत नव्हतं. स्नेहलच तिला मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि आपल्या मालकीचं काहीतरी बहिणीला थोडंसं चाखायला देतोय असं तिला वाटायचं. आता निकिता अंगणातल्या बाजेवर पाय पसरून वाचत होती आणि स्नेहल तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता वाचता वाचता हसली. "किती गोड बोलतो गं हा."

"काय म्हणाला?"

"'तू अजून तशीच हसतेस.'"

स्नेहलनं वाकून पाहिलं. पानभर आभाळ होतं. उंच इमारतीच्या कठड्यावर उल्कावीर पाठमोरा उभा. पानावर एकही अक्षर नव्हतं.

"कुठं लिहिलंय?"

"हे काय." निकिताचं बोट कोऱ्या आभाळावरून हळूहळू सरकलं.

थट्टा असेल, असं स्नेहलला वाटलं. तिनं मोबाईलवर पानाचा फोटो काढला. फोटोतही आभाळ कोरंच. संध्याकाळी तेच पान तिनं निकिताला पुन्हा वाचायला लावलं. तेच शब्द आले.

"चष्म्याचा नंबर तपासून घे तू," निकिता म्हणाली.

त्यांची आई साळूबाई बाजूला बसून वाटाणे सोलत होती. "त्याच्यापायी तुमचं लहानपनापास्नं भांडन हाय," ती म्हणाली. "आता तरी पुरं करा."

पुढच्या दिवशी निकितानं वाचता वाचता कपाळाला आठ्या घातल्या. "हे काहीतरीच. ऐक. 'टाकीवर चढून तू मला हाक मारायचीस. खाली शेतात उसाचं पाचट पेटलेलं असायचं, धुरानं डोळे चुरचुरायचे, तरी बसून राहायचीस. तुझी प्रत्येक हाक मला ऐकू आली, निकिता.' मी कधी चढले गं टाकीवर?"

स्नेहल उठून आत गेली. गच्चीवरच्या टाकीवर ती एकटीच चढायची. हाकही ओठांतल्या ओठांत मारायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ओट्याशी उभं राहून ती पेलाभर पाणी प्यायली. तिला भीती वाटायला हवी होती. तिच्या मनात मात्र एवढंच घोळत होतं, की त्यानं ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं, आणि श्रेय दिलं होतं दुसरीला.

त्याच दिवशी दुपारी आई आणि निकिता रिक्षानं राहुरीच्या बाजाराला गेल्या. कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. स्नेहलनं दार लोटलं आणि पुस्तक उघडलं.

आभाळाचं पान सापडलं. कठडा तोच होता. उल्कावीर आता पाठमोरा नव्हता.

त्याच्या डोक्यावर काळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'निकिता कुठे आहे?'

तिनं ते दोनदा वाचलं. शेवटी तो तिच्याशी बोलला होता, आणि विचारत होता बहिणीबद्दल.

"निकिता नावाची इथं कुणी नाही," स्नेहल मोठ्यानं म्हणाली.

तिनं पान उलटलं.

'मग हाक मारणारी तूच.'

तिला रडू फुटलं. ऊन उतरेपर्यंत ती वाचत राहिली. प्रत्येक पानावर तो बोलत होता, फक्त तिच्याशी.

फाटक वाजलं. आई भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "रिक्षात एक पोरगी शेजारी बसली हुती. लई गुनाची. माझ्या मागंमागंच आली बघ. तिला पानी दे."

उंबऱ्याबाहेर निकिता उभी होती. चपला तिनं काढल्या नव्हत्या.

स्नेहलनं खुंटीकडे पाहिलं. सकाळी तिथं लटकत असलेली निकिताची बॅग आता नव्हती.

नाव घेऊन हाक मारायला तिनं तोंड उघडलं. मग समोरच्या उघड्या पुस्तकाकडे तिची नजर गेली, आणि तिनं तोंड मिटलं. तिनं तांब्या भरून आणला.

निकिता वरूनच पाणी प्यायली. "बरं वाटलं," ती म्हणाली आणि फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. मग परत वळली.

"अहो ताई," तिनं संकोचून विचारलं, "मला कुठं जायचंय, ते तुम्हाला माहीत आहे का?"