न वाजलेलं पिस्तूल

आजोबांच्या पिशवीत आजीने केलेली शेंगांची चटणी होती आणि एक पिस्तूल होतं. अवकाशतळावरच्या तपासणीत अडवली गेली ती चटणी. पिस्तूल आरामात पुढे गेलं. असं का झालं असेल? तुम्ही विचार करा. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि विचार न करताच नाचायला लागले होते.

पहिल्यापासून सांगते. माझे आजोबा, मुकुंद बिराजदार, शास्त्रज्ञ. सोलापूरच्या अवकाशतळावरचं तपासणीचं दार त्यांनीच बनवलेलं. पण त्यांचे गुडघे पार गेले होते. डॉक्टर म्हणाले, पृथ्वी किंवा गुडघे, काहीतरी एक निवडा. चंद्रावर आपलं वजन सहावा हिस्साच भरतं, म्हणून आजोबांनी गुडघे निवडले. तीन वर्षांसाठी. मला कुणी विचारलं नाही.

जाण्याआधी ते रोज संध्याकाळी त्यांचं लहानपणीचं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन बसायचे. पत्र्याचं, रंगाचे पोपडे उडालेलं. बार्शीला एका दिवाळीत त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेलं.

"निहू, टिकली फुटली की एक वास यायचा बघ," ते म्हणायचे. "तो आला की दिवाळी सुरू. आकाशकंदील मागाहून लागला तरी चालायचं."

मग ते पिस्तूल नाकाशी धरायचे. मीही धरायचे. मला गंजाचा वास यायचा, पण मी "अहाहा" म्हणायचे.

"मग न्या ना बरोबर," मी म्हटलं.

"धातूचं आहे गं. दार वाजेल, यानात चढूच देणार नाहीत. राहू दे तुझ्याकडे."

यावर आमचा घरकामाचा यंत्रमानव ठोंब्या भांडी पुसता पुसता म्हणाला, "धातू वाजतो. प्लॅस्टिक वाजत नाही. प्रश्न संपला."

ठोंब्याच्या पोटात छपाईयंत्र होतं (थरावर थर चढवून वस्तू घडवणारं यंत्र). आम्ही नऊ दिवस खपून हुबेहूब तसंच पिस्तूल छापलं. पोपडेसुद्धा छापले. निघायच्या दिवशी ते गुपचूप आजोबांच्या पिशवीत टाकलं. चंद्रावर पिशवी उघडतील आणि रडतील, असा माझा अंदाज होता.

अवकाशतळावर आयेशा मुल्ला नावाच्या तपासणी अधिकारी होत्या. त्यांनी पडद्यावर चटणीचा पुडा पाहिला आणि पिशवी थांबवली. पुडा उघडला, हुंगला, चिमूटभर चटणी खाल्ली. "दाणे छान भाजलेत," त्या म्हणाल्या आणि पिशवी पुढे सोडली. ती खांद्याला लावून आजोबा दारातून गेले. दार गप्प.

मी काचेच्या अलीकडे उड्या मारायला लागले. "वाजलं नाही! पिस्तूल गेलं आणि वाजलंच नाही!"

"मी याला दुजोरा देतो," माझ्या शेजारी उभा असलेला ठोंब्या म्हणाला.

सगळा अवकाशतळ थांबला. तीन मिनिटांत पिस्तूल मुल्लाबाईंच्या टेबलावर होतं, आजोबा बाकावर होते आणि मी त्यांच्या शेजारी. यान सुटायला चाळीस मिनिटं उरली होती. पुढचं यान सहा महिन्यांनी.

"सर, कलम चार," मुल्लाबाई हळूच म्हणाल्या. "दाराला कळणार नाही असं पिस्तूल. बनवायचं नाही, विकायचं नाही, जवळ बाळगायचं नाही. हे लिहिणाऱ्या समितीत कोण होतं?"

"मीच," आजोबा म्हणाले.

"खेळणं आहे ते!" मी रडत म्हटलं.

"मला ते उघडून, तपासून ठरवावं लागेल, बाळा. तीन तास जातील."

आजोबांनी चष्मा पुसला. त्यांना पाच मिनिटांनी फाशी असती तरी आधी त्यांनी समजावून सांगितलं असतं.

"ऐक. दाराच्या आत तारांची वेटोळी आहेत. त्यांत वीज खेळते, मग भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं (चुंबकाचा जोर जिथवर पोचतो ती जागा). ते सारखं बदलत राहतं. त्यात धातू आला की धातूच्या आत विजेचे लहान लहान भोवरे फिरतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात (पाण्यातल्या भोवऱ्यासारखी गोल फिरणारी वीज). त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. ते दाराला जाणवतं, आणि दार वाजतं."

"आणि प्लॅस्टिक?"

"त्यातून वीज वाहत नाही. भोवरा नाही, म्हणून आवाज नाही. चित्र काढणारे क्ष-किरण (वस्तूच्या आरपार जाणारे न दिसणारे किरण) घट्ट, दाट वस्तूत अडकतात. तुझ्या आजीची चटणी विटेसारखी दिसली. पिस्तूल फणीइतकं फिकट."

"म्हणजे तुमचं दार अर्धं बिनकामाचं आहे," ठोंब्या म्हणाला.

"बरोबर. जिथे यंत्र कमी पडतं, तिथे माणसांनी आपसांत ठरवायचं असतं. म्हणून कायदा केला. पिस्तुलात दार वाजेल इतका धातू असलाच पाहिजे, आणि त्याचे भाग चित्रात ओळखू आले पाहिजेत."

"पण वाईट माणूस कशाला ऐकेल?"

"नाही ऐकणार. पण आता त्याने ते चालवेपर्यंत वाट बघावी लागत नाही. बनवलं तिथेच तो गुन्हेगार. आणि बनवून देणारा ठोंब्यासुद्धा."

ठोंब्याने पोटाचं झाकण हळूच लावून घेतलं.

घड्याळात एकतीस मिनिटं उरली होती. मी मुल्लाबाईंना विचारलं, "हे मोडलं तर?"

"माझ्यासमोर, पूर्ण चुरा. मग मी फक्त ताकीद लिहीन."

मी ठोंब्याकडे बघितलं. नऊ दिवसांचं काम त्याने नऊ सेकंदांत दळलं. पोपड्यांसकट. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला सुचलं. आजोबांचं मूळ पत्र्याचं पिस्तूल माझ्या दप्तरात होतं. मी ते मुल्लाबाईंपुढे ठेवलं आणि त्याचा चाप (बोटाने ओढायचा भाग) ठोंब्याला काढायला सांगितला. एवढासा लोखंडी तुकडा.

"हा न्या. हा वाजेल."

आजोबा तो मुठीत धरून पुन्हा दारातून गेले. टुईं! मुल्लाबाईंनी वहीत लिहिलं, "लोखंडी चाप एक. निरुपद्रवी. स्वतःहून वाजतो."

यान सुटलं. अंदाजाप्रमाणे कुणीतरी रडलं, पण ते आजोबा नव्हते.

याला आता तीन वर्षं झाली. चंद्रावर आजोबांनी एक नवं दार बनवायला घेतलंय, प्लॅस्टिकलाही बोलतं करणारं. ते पुरं होईपर्यंत कलम चार आहेच. आणि आज मी आगमनाच्या दाराशी उभी आहे. प्रवासी एकेक करून तपासणीच्या दारातून बाहेर येताहेत. गर्दीत आजोबा दिसत नाहीत. दप्तरात बिनचापाचं पिस्तूल आहे, लेखी परवानगीसह. टिकल्या मात्र घरीच ठेवल्यात. एवढं शिकलेय मी.

टुईं!

रखवालदार दचकून पुढे धावले. मी एकटीच हसत होते. चाप परत आला होता.