नव्व्याण्णव बाटल्या

तुओमो रंतालाला नवे गेम आवडत नसत, आणि हे तो कुणी न विचारताही सांगे. हौसेने गेम आणावा, तर आधी दोन तास तो अपडेटच्या नावाखाली स्वतःचीच डागडुजी करत बसणार. मग पडद्यावर बाण: आता इकडे जा, आता तिकडे. कोडं समोर येऊन दहा सेकंद होत नाहीत तोच सोबतचं पात्र उत्तर सांगून मोकळं. "मग मी कशाला बसलोय इथे?" असं तो बायकोला, पैवीला विचारी. पैवी विणकामातून मान वर न काढता म्हणे, "तेच मी वीस वर्षं विचारतेय."

सगळ्यात जास्त राग त्याला आपोआप होणाऱ्या सेव्हचा. कुठे थांबायचं हे माणसाने आपल्या हाताने ठरवावं, असं त्याचं ठाम मत. एकेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ कोक्कोलाच्या बंदरात क्रेनची वायरिंग सांभाळायचा आणि घरी आला की चौकटीच्या वहीत पेन्सिलीने नकाशे काढत तीस वर्षांपूर्वीचे गेम खेळायचा. एक खोड मात्र त्याला स्वतःलाही पटत नसे. मिळालेली वस्तू त्याच्याने वापरवत नसे. औषधाची बाटली सापडली की पिशवीत गेली. पुढे कुणी मोठा शत्रू भेटेल, तेव्हा लागेल. मोठा शत्रू भेटे, तुओमो रक्तबंबाळ होऊन कसाबसा जिंके, आणि बाटल्या जिथल्या तिथे राहत. गेम संपला तरी पिशवी भरलेलीच.

त्याचा थोरला भाऊ एसा याच्या अगदी उलट. लाकूड कापण्याच्या गिरणीत डाव्या हाताची करंगळी गमावलेला, तरी बटणांवर बोटं विजेसारखी. बाटली मिळाली की तो तिथेच रिकामी करायचा, दोन मिनिटांत मरायचा, हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तुओमोची पिशवी पाहून म्हणायचा, "चिक्कू, तू या बाटल्या उशाशी घेऊन मरशील."

एसा गेल्या एप्रिलमध्ये समुद्रावरच्या बर्फातून खाली गेला. तो सापडला नाही.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी एसाची बायको किर्सी केळ्यांच्या खोक्यात जुना गेमचा डबा घेऊन आली. ती घर विकून वासा शहरात बहिणीकडे राहायला निघाली होती. सॉनाच्या माळ्यावर सापडला, म्हणाली. तुझाच आहे अर्धा. कॉफी घेतली, दालचिनीचा पाव अर्धा खाल्ला, रविवारी निरोप घ्यायला येते म्हणाली आणि गेली. एसाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

डब्यात कॅसेट होतीच. दोघा भावांनी पोरवयात शब्दकोश मांडीवर घेऊन खेळलेला गेम. गोठलेल्या समुद्रातली विझलेली दीपगृहं एकेक करून पेटवायची, एवढंच. त्यात तलवार नाही, बडबड नाही, बाण नाहीत. थंडी हीच शत्रू. ती एकेक करून जिवाची, बदामाच्या आकाराची चिन्हं खात जाते, आणि लाल बाटली प्यायली की ती परत येतात. तुओमोच्या मते यापुढे माणसाने गेम बनवायची गरजच नव्हती.

सुरुवातीला सेव्हचे तीन कप्पे दिसले. पहिला तुओमोचा, त्यात नव्व्याण्णव बाटल्या, कारण शंभरावी मावत नाही. दुसरा रिकामा. तिसऱ्यावर एसाचं नाव, शेजारी जागा: 'बाहेरचं बेट'. चार बदाम. खेळलेला वेळ दोनशे अकरा तास चाळीस मिनिटं.

तुओमो त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. तिसरा कप्पा त्याने उघडला नाही. दुसऱ्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही, हा त्या घरातला कायदा होता. नऊ वर्षांचा असताना त्याने चुकून एसाच्या सेव्हवर आपला सेव्ह केला, तेव्हा एसा पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. शिवाय कॅसेटच्या पोटातला सेल तीस वर्षांचा झालेला. तो कधीही मान टाकेल, आणि बदलायला जावं तर तिन्ही कप्पे पुसले जातील. एसाने आपल्या हाताने ठेवलेलं एवढं एकच उरलं होतं. ते जाऊ नये, एवढंच तुओमोला हवं होतं.

मंगळवारी कामावरून आल्यावर त्याने सहज पाहिलं. दोनशे अकरा तास पन्नास मिनिटं.

आपणच काल चुकीचं वाचलं असेल. मग त्याने आपला कप्पा उघडून पिशवी पाहिली. अठ्ठ्याण्णव बाटल्या. इथे मात्र वाचनाची चूक शक्य नव्हती. एकवेळ तो लग्नाची तारीख विसरेल, हा आकडा विसरणार नव्हता.

तुओमो वायरिंगचा माणूस. त्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले, कॅसेट काढली आणि स्वयंपाकघरात पावाच्या डब्यात झाकून ठेवली. बुधवारी संध्याकाळी लावली. दोनशे बारा तास दहा मिनिटं, शहाण्णव बाटल्या. सेल मरायला टेकला की आकडे वाटेल ते बोलतात, हे त्याला ठाऊक होतं. पण मरणारा सेल इतका हिशेबी नसतो. एक बाटली, दहा मिनिटं. एक बाटली, दहा मिनिटं.

दहा मिनिटं त्याने कुठे ऐकली होती, ते त्याला दात घासताना आठवलं. बचावपथकाचा प्रमुख, भला माणूस, किर्सीच्या स्वयंपाकघरात उभा राहून हळू आवाजात म्हणाला होता: अशा पाण्यात हात दहा मिनिटं चालतात. त्यानंतर धडधाकट माणसालाही बोटं मिटता येत नाहीत.

तुओमोने नळ बंद केला आणि बेसिन धरून उभा राहिला. भीती त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट वाटली.

गुरुवारी दुपारी अठ्ठ्याऐंशी उरल्या होत्या. त्याने तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली, घड्याळ शेजारी ठेवलं आणि दर थोड्या वेळाने खेळ बंद-चालू करून तिसऱ्या कप्प्याकडे पाहिलं. आता खंड नव्हता. भिंतीवरचं घड्याळ आणि एसाचा कप्पा बरोबरीने चालत होते. चार बदामांतले तीन राहिले होते.

मग त्याने आयुष्यभर ज्याला नाक मुरडलं ते सुरू केलं. एकाच जागी पुन्हापुन्हा फिरून वस्तू गोळा करणं. असल्या खेळाला तो बैलाचा घाणा म्हणायचा. सील प्राण्यांच्या शिकाऱ्यांच्या झोपड्यांत शिरायचं, बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं; दहा-बारा मिनिटांनी एखादी बाटली हाती लागे. तासाला पाच येत, सहा जात. झोपला की नुसत्याच जात. दोन तासांच्या वर त्याला झोप लागेना. त्याच्या अंगठ्याला फोड आला, तो फुटला, त्यावर त्याने वायरिंगची चिकटपट्टी गुंडाळली.

शुक्रवारी पैवी दारात येऊन उभी राहिली. हातात राय धान्याच्या, ईस्टरला करतात त्या काळ्या खिरीची वाटी होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि वही उचलून वाचली. हसली नाही. वेडा झालास का, असंही म्हणाली नाही. त्याने न थांबता, पडद्यावरची नजर न काढता तिला सगळं सांगितलं.

"त्या दिवसाचंही सांग," ती म्हणाली.

"तुला माहितीय की."

"तू पोलिसांना सांगितलंस ते माहितीय."

पडद्यावरचं पात्र झोपडीतून बाहेर आलं, पुन्हा शिरलं. मग तुओमोने सांगितलं. बर्फाचे खिळे एसा घरी विसरला होता. टोकाला खिळा बसवलेल्या त्या लाकडी मुठी गळ्यात अडकवल्याशिवाय या किनाऱ्यावर शाळेतलं पोरही बर्फावर उतरत नाही. पाण्यात पडलं की त्यांचीच टोकं कडेला रोवून माणूस स्वतःला बाहेर ओढतो. तुओमोच्या गळ्यात त्याची जुनी जोडी होती. पाठीवरच्या पिशवीत नवी कोरी, पाकीटबंद. जाळं बघायला बाहेरच्या बेटाकडे निघताना एसाने विचारलं, तुझ्याकडे जादा आहेत ना रे? आणि तुओमो म्हणाला, नवीन आहेत, एवढ्याशासाठी कशाला फोडू? एसा हसला, चिक्कू म्हणाला आणि निघाला. तुओमो किनाऱ्याजवळ बर्फात गळासाठी पाडलेल्या भोकापाशी थर्मास घेऊन बसला. वारा उलटा होता. त्याला काहीही ऐकू आलं नाही. तासाभराने तो पाहायला गेला, तेव्हा पाण्यावर टोपी होती.

"पाकीट मीच पिशवीतून काढलं," पैवी म्हणाली. "पुढच्या खोलीच्या खणात ठेवलं. वर्षभर वाट पाहतेय, तू कधी बोलशील याची."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुझं तू सांगितलंस तर बरं." तिने वाटी त्याच्याकडे सरकवली. "ते पाकीट त्याचं आहे, तुओमो. आत्ता फोड. बेटाकडे बर्फ धरून आहे तोवर जाऊ आणि तिथे ठेवून येऊ. मी येते सोबत."

तुओमोने पडद्याकडे पाहिलं. एकोणचाळीस बाटल्या, दोन बदाम. उठला तर जाऊन येईपर्यंत डझनभर जातील.

"रविवारी," तो म्हणाला. "किर्सीही असेल. अजून पुरतील एवढ्या आहेत. अगदीच वेळ आली तर फोडू."

आपण काय बोललो ते तुओमोच्या कानांनी ऐकलं, पण हात थांबले नाहीत. पैवी वाटी तिथेच ठेवून गेली.

शनिवारी दुपारी बारा वाजता पाच बाटल्या उरल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. किनाऱ्यावर ईस्टरच्या होळीसाठी लोक लाकडं आणि जुनी फळकुटं रचत होते. पैवीही तिकडे गेली होती. जाताना तिने एकदा खणाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं.

तीन वाजता दोन. एकच बदाम.

आता उठावं, असं त्याला वाटलं. खण दहा पावलांवर होता. एवढी झोपडी झाली की उठू, असं म्हणत तो झोपडीत शिरला.

जाग आली तेव्हा कंट्रोलर मांडीवर होता आणि धुराचा वास येत होता. कुणीतरी होळी लवकर पेटवली असावी. भिंतीवर पावणेपाच झाले होते. झोपडीतलं पात्र जागच्या जागी उभं होतं, श्वासाची वाफ सोडत.

तुओमोने खेळ बंद केला. चालू केला.

पहिला कप्पा, त्याचं नाव. दुसरा रिकामा.

तिसरा रिकामा.

त्याने पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. सेल गेला असता तर तिन्ही गेले असते. त्याचा शाबूत होता. त्याने तो उघडला आणि पिशवी पाहिली.

नव्व्याण्णव.

एकही कमी नव्हती. जशी तीस वर्षं होती तशी. त्याने आकड्यावर बोट ठेवून पाहिलं.

मग तो उठला. पाय बधिर झाले होते. भिंत धरत पुढच्या खोलीत गेला आणि खण ओढला. हातमोजे, कुत्र्याचा जुना पट्टा, मेणबत्त्या, आणि तळाशी पाकीट.

पाकीट बंद होतं. प्लास्टिक चारी बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटलेलं, दुकानाची पट्टी जागच्या जागी. त्याने ते उचललं, तर ते जड लागलं आणि हाताला थंड.

आत पाणी होतं. करंगळीभर, थोडं गढूळ.

दोन्ही खिळ्यांची टोकं झिजून बोथट झाली होती. नव्या लाकडी मुठींवर, जोरात आवळून धरल्यावर पडतात तसे, बोटांचे खोलगट ठसे होते. तुओमोने पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं आणि ते मोजले.

उजव्या मुठीवर चार. डाव्या मुठीवर तीन.