प्रतिसादक क्रमांक सदतीस

विभागाच्या वाचनकक्षात तिघं एका टेबलाभोवती बसले होते. मध्ये एक शोधनिबंध होता, चक्क कागदावर छापलेला. हा आग्रह देशिंगे सरांचा. पडद्यावर दिलं की मुलं वाचत नाहीत, यंत्राकडून सारांश मागवून मोकळी होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एम.कॉम.च्या शेवटच्या सत्रात ते 'लेखाशास्त्रीय संशोधनाचं चिकित्सक मूल्यमापन' हा विषय शिकवत. तिघांच्या गटाने एक नावाजलेला निबंध घ्यायचा, तो बारकाईने तपासायचा आणि वर्गापुढे त्याचे गुणदोष मांडायचे.

निबंध रेवती बनसोडेने निवडला होता. ती एकोणचाळीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी. निंबोरे गावच्या सहकारी रुग्णालयात ती अकरा वर्षं लेखापाल होती. पाच वर्षांपूर्वी ते बंद पडलं आणि ती शहरात येऊन पुन्हा शिकायला लागली. ज्या 'अरिष्टांका'वरून आरोग्य मंडळाने निंबोऱ्याचं अनुदान थांबवलं, तो याच निबंधातून निघाला होता. कोणतं ग्रामीण रुग्णालय तीन वर्षांत बुडणार, हे आधीच सांगणारा आकडा. तो कसा काढतात, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

"ताई, तुमचं गाव आहे यात," प्रणाली खोत परिशिष्ट चाळताना म्हणाली. "चौसष्ट रुग्णालयांची यादी आहे. प्रत्येक ठिकाणच्या लेखापालाची मुलाखत घेतलीय म्हणे."

"माझी कुणी घेतली नाही."

"मग हे काय?" प्रणालीने पान पुढे सरकवलं.

प्रतिसादक क्रमांक सदतीस, लेखापाल, निंबोरे. खाली अवतरणचिन्हांत चार ओळी होत्या. 'ताळेबंद हातात घेतला की पोटात गोळा येतो माझ्या. संचालकांपुढे डोकं फोडून काय उपयोग? माणसं चांगली आहेत हो सगळी. पण हे रुग्णालय आता काही उभं राहत नाही.'

रेवतीने ते दोनदा वाचलं. 'माणसं चांगली आहेत हो सगळी' हे तिचंच बोलणं होतं. पण रुग्णालय उभं राहत नाही, हे ती कुणापाशीही बोलली नव्हती.

तिसरा गटसोबती अदनान मुजावर तोवर तळटिपा वाचत होता. बारीक अक्षरातली एक टीप त्याने मोठ्याने वाचून दाखवली. सर्व मुलाखती प्रतिरूपांच्या घेतल्या आहेत.

प्रतिरूप म्हणजे काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. माणसाची पत्रं, कामाच्या नोंदी, फोनवरची संभाषणं यंत्राला द्यायची, की ते त्या माणसासारखं विचार करून उत्तरं देतं. गावोगाव हिंडायला नको, कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत. गेल्या सात-आठ वर्षांत समाजशास्त्रांतलं बहुतेक संशोधन असंच होऊ लागलं होतं. रुग्णालयाच्या हिशेबाची संगणकप्रणाली पहिल्यांदा उघडताना रेवतीने अटींच्या लांबलचक पानाखाली 'मान्य' दाबलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

"एक सांगू का," ती हळू आवाजात म्हणाली. "रुग्णालय बंद झालं तेव्हा गावात बोलवा उठली होती, की लेखापाल बाईंनीच वर कळवलं. कुठून उठली ते मला आजवर कळलं नव्हतं."

बाकीचं तिने सांगितलं नाही. तिची धाकटी जाऊ सविता रुग्णालय बंद झाल्यावर चौथ्या महिन्यात गेली. बाळंतपणासाठी तिला सेहेचाळीस किलोमीटरवरच्या तालुक्याला न्यायचं होतं. जीप वाटेतच थांबली, बाळही राहिलं नाही. तेव्हापासून दीर रेवतीशी एक शब्द बोलला नव्हता.

पुढचे तीन आठवडे तिघांनी जीव ओतून काम केलं. प्रणालीने एक मोठीच गफलत शोधून काढली. अरिष्टांक अचूक ठरला याचा पुरावा म्हणून निबंधाला नंतर जोडलेल्या दुसऱ्या भागात बंद पडलेल्या रुग्णालयांची संख्या दिली होती. "पण अरिष्टांक जास्त आला म्हणून अनुदान थांबलं, अनुदान थांबलं म्हणून रुग्णालयं बंद पडली," ती म्हणाली. "आणि हे म्हणतात, बघा, आमचं भाकीत खरं ठरलं!" अदनानने या निबंधाचा आधार घेणारे नऊशे निबंध चाळले. एकानेही कुठल्या लेखापालाला प्रत्यक्ष गाठलं नव्हतं.

विद्यापीठाला संशोधनाच्या संग्रहातली प्रतिरूपं तपासायची मुभा होती. प्रत्येक गटाला वीस मिनिटं. एका दुपारी तिघं ध्वनिकक्षात बसले आणि अदनानने सदतीस क्रमांक निवडला.

"नमस्कार, बोला," रेवतीचाच आवाज आला, थोडा तरुण.

"मी रेवती बनसोडे," ती म्हणाली. "रुग्णालय उभं राहत नाही असं मी कधी म्हणाले?"

"उघड कधीच म्हणाले नाही," प्रतिरूप शांतपणे म्हणालं. "म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. पण नोंदींतल्या शेवटच्या दोन वर्षांत मी बँकेला सतरा वेळा फोन केला. तरतरी राहिली नव्हती बोलण्यात. मनात काय होतं ते मला माहीत आहे."

"आणि सविताचं काय?"

"कोण सविता?"

"माझी जाऊ होती ती," रेवतीने दोघांना पहिल्यांदाच सांगितलं. अदनानने घाईघाईने नोंद केली. हाच मुद्दा होता. प्रतिरूपाला ताळेबंद ठाऊक होता, पण रेवती कुणामध्ये राहत होती, कुणासाठी तो ताळेबंद रोज जमवत होती, हे ठाऊक नव्हतं.

देशिंगे सरांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "इतकं चांगलं काम या विषयात मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. निबंध जिथे छापला, त्याच नियतकालिकाला पाठवा."

उत्तर चौथ्या दिवशी आलं. सविनय आणि नीटनेटकं. प्रत्यक्ष व्यक्तीचं आजचं मत नंतरच्या घटनांनी रंगलेलं असतं, त्या काळच्या नोंदींवर उभं केलेलं प्रतिरूप अधिक विश्वासार्ह मानलं जातं. तरीही आक्षेपाची दखल घेऊन संपादकांनी प्रतिसादक सदतीसला पुन्हा विचारलं होतं. प्रतिसादक आपल्या उत्तरावर ठाम होती.

"म्हणजे मी खोटं बोलते, असं मीच त्यांना सांगितलं," रेवती म्हणाली. प्रणालीला हसू आवरलं नाही आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी विभागाकडून सूचना आली. गटातल्या एका सदस्याचा विषयात वैयक्तिक हितसंबंध असल्याने मुलाखतींवरचा भाग वगळावा, नाहीतर गुण देता येणार नाहीत. सर म्हणाले, "मी भांडलो. यापुढे माझ्या हातात काही नाही." निवृत्तीला त्यांना आठ महिने उरले होते. प्रणालीची शिष्यवृत्ती गुणांवर होती, अदनानला नोकरीचं पत्र आलेलं होतं. दोघांनी रेवतीकडे पाहिलं, तेव्हा तिनेच तो भाग काढून टाकला. गटाला चाळीसपैकी अडतीस गुण मिळाले, वर्गात सर्वांत जास्त. परीक्षकांनी मांडणीचं कौतुक केलं.

रविवारी ती वगळलेली पानं घेऊन निंबोऱ्याला गेली.

दीर, विलास, आपल्या दुरुस्तीच्या दुकानात पाण्याची मोटार उघडून बसला होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली. तिने पानं त्याच्यासमोर बाकावर ठेवली आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. निबंध, प्रतिरूप, संपादकांचं उत्तर. "मी नाही कळवलं, विलासभाऊजी. मला कुणी विचारलंच नव्हतं."

त्याने हात पुसले आणि वाचलं. एकेका ओळीवर बोट ठेवत, सावकाश. अवतरणातल्या त्या चार ओळींपाशी तो थांबला.

"हे तर अगदी तुमच्यासारखंच बोललंय, वहिनी."

"यंत्र आहे ते."

"असेल." तो पुन्हा त्या ओळींकडे बघत राहिला. समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"एक विचारू? खरं सांगा," तो म्हणाला. "तेव्हा कुणी खरंच येऊन तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"