पंचविसाच्या आत

ही घडलेली गोष्ट आहे. भुताला मध्यरात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्या माहितीसाठी... हे रविवारी, भर दुपारी तीन वाजता घडलं. गॅरेजमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर.

डिझेल मिस्त्रीचा हात सोन्याचा, तोंड मात्र फटकळ. गाडीजवळ घुटमळणाऱ्याला तो असा झापायचा की माणूस परत फिरकत नसे.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, एक जुनी डिझेल पिकअप आणली. कुणालाही न विचारता.

"घ्यायच्या आधी मला दाखवायला काय झालं होतं?"

"दाखवली असती तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणूनच दाखवायची असते, दाजी."

गाडीचं दुखणं विचित्र होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला कितीही पाय दाबा, ती रडतखडत चालायची. वेगाचा काटा पंचविसाच्या पुढे गेला की मात्र एकदम सुटायची.

"सोमवारी सकाळी टेकडीवरच्या दवाखान्यात धुतलेल्या चादरींचे गठ्ठे पोचवून दाखवायचेत," दाजी म्हणाले. "गाडी चढली तर रोजचं काम आमचं. नाही चढली, तर तुमची बहीण येते तुमच्याकडे राहायला."

"तिला ठेवीन. प्रश्न तुमचा आहे."

दोन दिवस मिस्त्री गाडीखाली होता. डिझेल फिल्टर बदलला. टर्बोचा रबरी पाइप चिरला होता, तोही बदलला. वॉल्व्हमधली ओंजळभर काजळी खरवडून काढली. ब्रेक धरत असतील म्हणून मागची चाकं जॅकवर उचलली. हातानं फिरवली. लोण्यासारखी फिरली.

तरी गाडी जैसे थे.

"जुना मालक काही बोलला होता?"

"एवढंच म्हणाला, कुठं फार वेळ उभी करू नका."

"का?"

"मी नाही विचारलं."

"तुम्ही काहीच विचारत नाही."

सगळे उपाय थकले की मिस्त्रीची एक पद्धत होती. गाडी पहिल्या गिअरला हळू चालवायला लावायची आणि स्वतः हौद्याच्या मागच्या फळीवर हात ठेवून मागून चालायचं. इंजिनचा झटका कानाआधी तळहाताला कळतो, म्हणे.

दाजी चालवायला बसले. बहीण शेजारी.

गाडी निघाली. मिस्त्री मान खाली घालून धुराकडे बघत चालत होता. फळी थरथरत होती. ठीक.

मग...

फळी मागे ओढली गेली.

बिजागरी करकरली. गाडी पुढे जात होती, फळी मागे. मिस्त्रीचा हात तर नुसता टेकलेला होता.

त्याच्या उजव्या खांद्याजवळ कुणीतरी धापा टाकत होतं.

अनवाणी पावलं. थप... थप... थप...

रस्त्यावरचा कुणी टवाळ असणार, असं त्याला वाटलं. मान वर न करताच तो खेकसला,

"लोंबकळतोस काय रे? चढायचं तर चढ!"

धापा थांबल्या.

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दोन बोटं खाली दबले.

आणि गाडी अशी सुटली, की मिस्त्री तोंडावर आपटता आपटता वाचला.

धूर विरला. रस्ता दोन्ही टोकांपर्यंत मोकळा होता. हौदाही मोकळाच.

माणूस जिवाच्या आकांतानं पळाला तरी किती पळेल? पंचविसाच्या आतच. त्यापुढे हात सुटणारच. आणि गाडी उभी राहिली, की तो पुन्हा गाठणार...



दाजी वळसा घालून परत आले. चेहरा दिवा लागल्यासारखा उजळलेला.

"उडतेय की! काय केलंत?"

"दोघं खाली उतरा. गाडी इथंच राहू दे."

"का? आता चांगली चालतेय तर डोळ्यांत खुपते?"

मिस्त्री मागे गेला. रिकाम्या हौद्याकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला, "उतर."

पाटे हलले नाहीत.

"उतरा," तो म्हणाला. दाजी सोडले तर त्यानं कुणाला अहो-जाहो केल्याची ही पहिलीच वेळ.

पाटे तसेच. दाजी गिअर टाकून निघून गेले.

सोमवारी गाडी भरलेल्या हौद्यासकट टेकडी चढली. काम मिळालं. मिस्त्रीनं घडलेलं सगळं सांगितलं, तेव्हा दाजी पोट धरून हसले. बहीण हसली नाही.

महिन्यानं गाडी ऑइल बदलायला आली. मिस्त्रीनं आधी मागे वाकून पाहिलं. हौदा रिकामा होता आणि पाटे वर आले होते. अगदी सरळ. त्याला हायसं वाटलं. गेलं एकदाचं...

मग तो पुढे आला.

बहीण दाजींना खेटून बसली होती. अंग चोरून. गिअरचा दांडा तिच्या गुडघ्याला घासत होता. दारापाशी अख्ख्या माणसाची जागा रिकामी होती.

"अगं, अशी काय बसलीस? सरक की तिकडं."

तिनं मान वळवली नाही. ओठ जेमतेम हलले.

"कुठं सरकू, दादा?"